सही जुळत नाही: जिनिंगच्या एका हिशोबनिसाचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खत-बियाण्याच्या दुकानदाराला दिलेला चोवीस हजारांचा चेक बँकेतून परत आला. खात्यात पैसे होते. शेरा होता, सही जुळत नाही. दुकानदार जुन्या ओळखीचा, त्यामुळे तो भांडला नाही; पण चेक हातात देताना एवढं म्हणाला, "आप्पा, अशानं कोर्टकचेरी होते." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच स्पष्ट केलं आहे.

त्यांना मी इथे आप्पा म्हणते. ओळख पटू नये म्हणून गाव, काळ आणि घरातले काही तपशील बदलले आहेत, आणि हे प्रकरण लिहायला त्यांची व कुटुंबाची संमती आहे. वय एकोणपन्नास. पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वीसेक वर्षं हिशोबनीस, शिवाय घरची पाच एकर कोरडवाहू. शेठनी संगणक घेतला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी काटापावती आणि रोजमेळ आप्पाच हाताने लिहितात, कारण शेतकऱ्यांचा विश्वास त्यांच्या अक्षरावर. गावात लग्नाच्या याद्या, मानपत्रं, ग्रामपंचायतीचे अर्ज, शाळेच्या फळ्यावरचा पंधरा ऑगस्टचा मजकूर, सगळं आप्पांकडे यायचं.

ऑगस्टमध्ये पत्नी आणि मुलगा त्यांना घेऊन धुळ्याला माझ्याकडे आले. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, औषधं देत नाही. मे महिन्यापासून ज्या मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू होते, त्यांनीच चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. चिठ्ठीत प्रश्न एकच: अक्षर बदललं आहे, घरचे म्हणतात गप्प असतात, नैराश्य परत येतंय का?

आप्पा खुर्चीत बसले ते हलले नाहीत. आवाज बारीक, चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. काकू म्हणाल्या, "हसणं विसरले हे." पण झोप, भूक, शेतात जाणं, नातवाला खेळवणं, एकेक विचारत गेले तर सगळं जागेवर होतं. मग थेट विचारलं, मन कसं आहे? ते अहिराणीत म्हणाले, "मन बरं शे ताई. हातच बरा नही. लिखताना आखडी जास, मनं आयकसच नही." म्हणजे लिहिताना आखडतो, माझं ऐकतच नाही.

मन बरं आहे आणि हात बरा नाही, हे वाक्य मी कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचं सगळं काम या वाक्यावरच उभं राहिलं.

ज्याचा त्याचा अर्थ

माझ्याकडे येईपर्यंत त्या सहीचे तीन अर्थ लावून झाले होते. शेठना वाटलं, आप्पा प्यायला लागले असावेत किंवा चेकवर दुसऱ्याच कुणी सही केली. काकूंना वाटलं, मागच्या वेळसारखंच दुखणं उलटलं. मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो. त्याने वडिलांच्या लिखाणाचे फोटो एका हस्ताक्षर-विश्लेषकाला पाठवले. उत्तर आलं की अक्षर लहान झालं म्हणजे आत्मविश्वास गेला. सही वर चढती करा, खाली ठसठशीत रेघ ओढा, एकवीस दिवस सराव करा. आप्पांनी इमानदारीने सराव केला. बँकेतल्या नमुना सहीशी नवी सही आणखीच जुळेना.

याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी बऱ्याच घरांनी आधी हाच रस्ता धरलेला असतो. अक्षरावरून स्वभाव सांगण्याच्या विद्येला ग्राफॉलॉजी हे नाव 1870च्या दशकात फ्रान्समध्ये मिशों नावाच्या धर्मगुरूने रूढ केलं. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण ती तपासली तेव्हा टिकली नाही. 1989 साली नेटर आणि बेन-शाखार या इस्रायली संशोधकांनी नोकरभरतीसाठी केलेल्या हस्ताक्षर-विश्लेषणाचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रशिक्षित विश्लेषकांचे अंदाज अजिबात प्रशिक्षण नसलेल्यांपेक्षा सरस नव्हते. जे काही थोडंफार बरोबर येत होतं, ते मुख्यतः लिहिलेल्या मजकुरातून, म्हणजे माणसाने स्वतःबद्दल काय लिहिलं त्यातून येत होतं, अक्षराच्या वळणातून नव्हे. आणि खान्देशात राहणाऱ्याला तर हे पटायला अभ्यासाचीही गरज नसावी. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचं मन वाचायला कुणाला त्यांच्या वेलांट्या लागल्या नाहीत.

यात एक गल्लत नेहमी होते. न्यायालयात हस्ताक्षरतज्ज्ञ असतात, मग हे शास्त्र नाही कसं, असं मुलाने विचारलं. ते काम वेगळं. सिमला, कोलकाता आणि हैदराबाद इथली सरकारी कार्यालयं वादग्रस्त दस्तऐवज तपासतात ते हा मजकूर कुणी लिहिला हे ठरवण्यासाठी. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 खाली तज्ज्ञाचं मत घेतलं जायचं तेही एवढ्यापुरतंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तशीच तरतूद आहे. लिहिणारा प्रेमळ आहे की हट्टी, हे तिथे कुणी सांगत नाही.

मग मनाचा अक्षरावर परिणाम होतच नाही का? होतो, आणि चांगला ठळक होतो. फक्त एका माणसाचं अक्षर दुसऱ्या कुणाच्या अक्षराशी किंवा पुस्तकातल्या तक्त्याशी लावून तो दिसत नाही. त्याच माणसाच्या आधीच्या अक्षराशी लावला तरच दिसतो. आप्पांच्या बाबतीत ही सोय हाताशी होती. रोज तारीख घालून लिहिलेली पानं जिनिंगच्या कपाटात पडून होती.

रोजमेळाची पानं

शेठनी रकमा झाकून झेरॉक्स काढायला परवानगी दिली. मुलाने मागच्या दिवाळीपासूनची पानं आणली. आप्पा, काकू आणि मी ती टेबलावर महिन्याप्रमाणे लावली.

आधी नोव्हेंबर. लक्ष्मीपूजनाला पूजलेली नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक. अक्षर उभं, ओळीत बसलेलं, रुई, सरकी, गाठी यांचे आकडे उजव्या कडेला एकाखाली एक. आप्पांची एक सवय पाहता पाहता लक्षात आली. ते शब्दाशब्दाला शिरोरेघ देत नाहीत. सगळी ओळ आधी बोडकी लिहितात आणि मग डावीकडून उजवीकडे एका दमात सगळ्या शब्दांवर रेघा ओढत जातात. प्रत्येक रेघ शब्दाइतकीच, ना कमी ना जास्त. हाताचा हा वेग आणि आवर मी त्यांचा मूळ नमुना धरला.

जानेवारीच्या पानांवर शिरोरेघाच नाहीत. ओळ बोडकी लिहून झाली आणि परत फिरून रेघ ओढण्याचं बळ उरलं नाही, असं दिसतं. अक्षर लहान, दाब इतका कमी की झेरॉक्सवर काही शब्द पुसट उमटले. तीन-तीन दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत. बेरजा खोडलेल्या. अनुस्वार गळलेले. पण अक्षर लहान होतं ते ओळीच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारखंच लहान. ही बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

काकू पान बघत म्हणाल्या, "तेव्हा हे पहाटे तीनलाच उठून बसायचे." त्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीने फरदड, म्हणजे कपाशीचं लांबवलेलं पीक, गेलं होतं, मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर होतं, जेवण तुटलं होतं, वजन उतरलं होतं. हंगामाचा शीण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता मागे वळून पाहिलं तर ते सरळसरळ नैराश्य होतं आणि त्याला औषध मिळालं नव्हतं.

गुढीपाडव्यानंतरची पानं पाहून आप्पांनीच मान खाली घातली. अक्षर दीडपट. दाब एवढा की खालच्या दोन पानांवर वळ. लाल पेन. शिरोरेघ शब्द ओलांडून, रकान्याच्या उभ्या रेघा कापत थेट समासात घुसलेली. समासात सूतगिरणीचा आराखडा, भांडवल, उद्‌घाटनाला कुणाला बोलवायचं त्याची यादी. निम्मे शब्द अधोरेखित. काटापावत्यांच्या कोऱ्या पाठीवर जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रं. तीन तासांच्या झोपेवर ते दिवस काढत होते. आखाजीला लेक माहेरी आली. रात्री दोनला ओट्यावर दिवा लावून बाप लिहीत बसलेला तिने पाहिला, पाणी द्यायला गेली तर तिच्यावरच ओरडला. दुसऱ्या दिवशी तिने भावाला बोलावून घेतलं आणि आप्पांना डॉक्टरांकडे नेलं. निदान द्विध्रुवीय मनोविकार, म्हणजे ज्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात, त्यातला उन्मादाचा टप्पा.

मनोविकारशास्त्राने ही दोन टोकं फार पूर्वी नोंदवली आहेत. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी रुग्णांच्या लिखाणाचे नमुने जमवले. एवढंच नव्हे, लिहितानाचा दाब आणि वेग मोजायला खास उपकरण वापरलं. उन्मादात मोठं, बेताल, अधोरेखितांनी भरलेलं अक्षर आणि खिन्नतेत मंद, बारीक, दबलेलं अक्षर, ही त्यांची निरीक्षणं आजही रोजच्या कामात भेटतात. मात्र भरमसाट लिहिणं हे एकट्या उन्मादाचं लक्षण नाही. वॅक्समन आणि गेश्विंड यांनी 1974 साली मेंदूच्या शंखखंडातल्या अपस्माराच्या रुग्णांमध्येही अतिलेखन वर्णिलं आहे. म्हणून आप्पांना कधी फिट, क्षणभर हरवल्यासारखं होणं, अनोळखी वास येणं असं काही झालं का, हे डॉक्टरांनी मे महिन्यातच विचारून घेतलं होतं. तसं काही नव्हतं.

त्यांना रिस्पेरिडोन आणि लिथियम ही औषधं सुरू झाली. जूनच्या पहिल्या आठवड्याची पानं थेट नोव्हेंबरसारखी. काकूंनी ती पानं हातात घेऊन दोनदा पाहिली.

आणि मग जूनच्या शेवटापासून जुलैभर अक्षर पुन्हा लहान. झेरॉक्स लांब धरला तर जानेवारी आणि जुलै सारखेच वाटतात. घरच्यांची भीती त्यातूनच आली होती आणि ती रास्तही होती. पण जवळ घेऊन पाहिलं की फरक दिसतो. जुलैत ओळीचा पहिला शब्द जवळपास नेहमीच्या मापाचा आहे. दुसरा थोडा आखूड. चौथ्या-पाचव्या शब्दापर्यंत अक्षरं एकमेकांत घुसतात आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढी होतात. पुढच्या ओळीला पुन्हा मोठी सुरुवात, पुन्हा तीच उतरंड. शिरोरेघ आहे, प्रत्येक शब्दावर आहे, पण निम्म्यातच थांबलेली. जानेवारीत रेघ ओढायची इच्छाच नव्हती. जुलैत इच्छा होती, हात पोचत नव्हता.

शिरोरेघेचं हे माझं निरीक्षण एका माणसाच्या सवयीवर बेतलेलं आहे. कुणी आपल्या मुलाची वही काढून, रेघा नाहीत म्हणजे नैराश्य, असा अर्थ कृपा करून लावू नये.

टेबलावरची तपासणी

कोऱ्या कागदावर एकच वाक्य ओळीमागून ओळ लिहायला सांगितलं: आज बाजारात कपाशीची आवक वाढली. पट्टी लावून पाहिलं तर पहिल्या ओळीचा 'आ' पाच मिलिमीटर, पाचव्या ओळीतला शेवटचा शब्द जेमतेम दोन. मग दुरेघी वहीचं पान दिलं आणि वरच्या-खालच्या रेघेला टेकवत लिहा म्हटलं. अक्षर लगेच सुधारलं. मेंदूतला जो भाग हालचालीचं माप आतून पुरवतो तो मंदावला, की बाहेरून दिलेली रेघ त्याची उणीव काही अंशी भरून काढते. पार्किन्सनसारख्या ताठरपणात हे नेमकं दिसतं. नुसत्या उदासपणात रेघा दिल्याने एवढा फरक पडताना मी पाहिलेला नाही.

शंखाकृती वर्तुळ काढायला सांगितलं तर ते आखूड, आत आत गोळा झालेलं, आणि रेघेला बारीक कंप. अंगठा आणि तर्जनी वेगाने आपटायला सांगितल्यावर आठ-दहा वेळात बोटांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. दारापर्यंत चालताना डावा हात झुलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. नैराश्याच्या प्रश्नावलीत गुण कमी आले. मी त्याच दुपारी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी संध्याकाळी तपासलं. मनगट फिरवताना दातेरी चाकासारखा अडखळत जाणारा ताठरपणा लागला. निदान: औषधजन्य पार्किन्सनिझम, म्हणजे औषधामुळे आलेली पार्किन्सनसारखी लक्षणं. न हसणारा चेहरा, बारीक आवाज, आखडलेला हात, सगळ्याचं मूळ एकच.

रिस्पेरिडोनसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या डी-टू रिसेप्टरांना, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागांना, अडवतात. त्यामुळे उन्माद उतरतो. पण हालचालीचं माप ठरवणाऱ्या गाभ्यातही हेच रिसेप्टर असतात, आणि तिथे अडवणूक जास्त झाली की सगळ्या हालचाली आखूड होतात. बारीक कौशल्याची, म्हणजे लिहिण्याची, सर्वात आधी. हॅलोपेरिडॉलवरच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 65 टक्के रिसेप्टर व्यापले गेले की गुण दिसू लागला आणि 78 टक्क्यांच्या पुढे ताठरपणाची शक्यता वाढली. मधली जागा किती अरुंद आहे ते या दोन आकड्यांवरून कळावं.

हे नातं हाताने लिहिलेल्या ओळीत पकडणारा माणूस होता जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स-योआखिम हाझे. मनोविकारावरची ही औषधं नवीन असतानाच्या काळात, ते रुग्णांकडून ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा लिहून घेत. अक्षर किंचित आक्रसायला लागलं की औषध मेंदूत पुरेसं पोचलं, याहून जास्त देऊ नका, असा त्यांचा निकष होता. आज रक्तचाचण्या आणि स्कॅनच्या गर्दीत ही साधी युक्ती मागे पडली. माझं ठाम मत आहे की जिथे स्कॅन नाही, न्यूरॉलॉजिस्ट नाही, आणि रुग्ण महिन्यातून एकदाच एसटीने येतो, अशा आपल्या भागात ती पुन्हा वापरात यायला हवी. एक कागद आणि एक पेन लागतं. दर भेटीला एकच वाक्य, तारीख घालून, आधीच्या कागदाला टाचून ठेवायचं.

औषध बदललं

डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हळूहळू कमी करून बंद केलं, त्या जागी कमी मात्रेत क्वेटियापिन दिलं आणि लिथियम चालू ठेवलं. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आखडलेला हात पाहून घरच्यांनी आपल्या मनाने गोळ्या थांबवल्या असत्या, तर उन्माद उलटण्याचा धोका होता. औषध बदलायचं ते ज्याने दिलं त्यानेच. शिवाय पन्नाशीच्या आसपास औषधाने पार्किन्सनची लक्षणं आली तर काही जणांमध्ये मूळ आजारच आधी दबा धरून असतो आणि औषध त्याला फक्त उघडं पाडतं. म्हणून आप्पांवर पुढचे काही महिने लक्ष ठेवायचं आणि अक्षर सुधारलं नाही तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं ठरलं.

तशी वेळ आली नाही. दसऱ्यापर्यंत ओळीच्या शेवटचा शब्द पुन्हा चार मिलिमीटरवर आला. चेहरा त्याच्याही आधी मोकळा झाला. हे काकूंनी सांगितलं, मला पट्टी लावावी लागली नाही.

बारीक कंप मात्र राहिला. हा कंप वेगळ्या जातीचा होता. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. आप्पांचा हात मांडीवर शांत असायचा. तो पुढे पसरला किंवा पेन धरलं की भरभर बारीक थरथरायचा. तो लिथियमचा. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तात लिथियम 0.9 आलं. विषबाधा नव्हे, पण हाताला जाणवण्याइतकं. मात्रा थोडी उतरवल्यावर 0.7 झालं. जिनिंगमधल्या दिवसभराच्या चहाचे कप निम्म्यावर आणले, कारण कॅफिनने कंप वाढतो. चहा बदलल्यावर लिथियमची पातळीही थोडी हलू शकते, म्हणून रक्त पुन्हा तपासलं. थायरॉइड वाढल्यानेही असाच कंप येतो. ती तपासणी ठीक होती.

काउंटरची भीती

इतकं सगळं झाल्यावर ऑक्टोबरात आप्पा घरी सुंदर लिहीत होते, जिनिंगमध्ये कोपऱ्यात बसून बरं लिहीत होते, आणि बँकेच्या काउंटरवर त्यांना सही करता येत नव्हती. आता हा हातही नव्हता आणि औषधही नव्हतं. चेक परत आल्यापासून मनात बसलेली धास्ती होती. त्या दिवशी कॅशियरने नमुन्याचं कार्ड काढून, मागे रांग उभी असताना, "काका, नीट करा ना" म्हटलं होतं.

दुसऱ्याच्या नजरेखाली लिहिण्याची भीती हा सामाजिक चिंतेचा ओळखीचा प्रकार आहे. सही ही हजारो वेळा केलेली हालचाल असते. तिच्यावर मुद्दाम लक्ष ठेवलं की ती मोडते. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, स्नायूंचा नैसर्गिक बारीक कंप मोठा होतो, माणूस तो कंप पाहतो आणि आणखी घाबरतो. आप्पांच्या अंगात लिथियमचा कंप आधीच थोडा होता, त्यावर हा चढला. ते काय करत होते तर डाव्या हाताने उजवं मनगट गच्च दाबून सही करत होते, घरून स्लिपांवर सह्या करून नेत होते, आणि जमेल तेव्हा पुतण्याला पाठवत होते. या प्रत्येक उपायाने त्या दिवसापुरतं निभावतं आणि भीती तशीच राहते.

मी सुचवलं की तोवर अंगठ्यावर व्यवहार करता येईल. आजारपणामुळे सही करू न शकणाऱ्या खातेदाराचा अंगठा बँकेने दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीवर स्वीकारावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आप्पा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "मी अंगठा लावू? गावाचे अर्ज मी लिहिले." त्यांच्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा लावून जमीन घालवली होती आणि म्हणून बापानं त्यांना मारून-मुटकून शुद्धलेखन घोटायला लावलं होतं. हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. मी अंगठ्याचा विषय तिथेच सोडला. ज्याची गावातली पत अक्षरावर उभी आहे, त्याचं अक्षर जातं तेव्हा आजारापलीकडचंही काहीतरी जातं, आणि उपचार करणाऱ्याने ते विचारात घ्यायलाच हवं.

मग पायरीपायरीने सुरू केलं. आधी काकूंसमोर सही, मनगट न धरता. मग पुतण्या बघत असताना. मग माझ्याकडे, मी मुद्दाम घड्याळ बघत उभी असताना. मग शेठसमोर रुईच्या सौद्याच्या कागदावर. प्रत्येक पायरीवर नियम एकच: सही वाकडी आली तरी खोडायची नाही, दुसरा कागद मागायचा नाही, भीती आपोआप उतरेपर्यंत तिथून उठायचं नाही. शेवटची पायरी बँक. आधी शाखाधिकाऱ्यांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं आणि दुपारी गर्दी नसताना नव्या नमुना सह्या द्यायचं ठरलं. मुद्दाम इतके दिवस थांबलो होतो. अक्षर स्थिर होण्याआधी नवा नमुना दिला असता, तर बरा झालेला हात पुन्हा त्या नमुन्याशी जुळला नसता. विश्लेषकाने शिकवलेली चढती रेघ आप्पांनी स्वतःहून सोडली आणि जुनीच सही केली. त्यानंतर भर गर्दीत, सोमवारी, पैसे काढायची स्लिप.

हात थरथरला. सही जुळली.

पुढचं ठरलेलं

शेठनी दिवाळीला नवी वही पुन्हा आप्पांच्याच हाती दिली. घरी एक फाइल केली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला कपाशीच्या आवकीचं तेच वाक्य पाच ओळी लिहायचं, बाजूला त्या आठवड्यातली झोप किती आणि गोळ्या कोणत्या हे टिपायचं. नुसत्या अक्षरावरून कुणीही काही ठरवायचं नाही. अक्षर मोठं, दाबून, समासात चाललेलं आणि झोप तीन-चार तासांवर, तर लगेच फोन. अक्षर बारीक, फिकं आणि पहाटेची जाग, तरीही फोन. ओळीच्या शेवटी आक्रसायला लागलं तर गोळ्यांची पाकिटं घेऊन यायचं. अडीअडचणीला, रात्री-अपरात्री, 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक फाइलच्या पुठ्ठ्यावर लेकीने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

उन्हाळ्यासाठी वेगळी ताकीद आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. त्यामुळे पाणी भरपूर, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही, आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर आणायचं नाही, कारण त्यानेही लिथियम चढतं. हात ढोबळ थरथरायला लागला, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला किंवा बोलणं जड झालं, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना.

लिथियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडची पुढची तपासणी मार्चमध्ये, ऊन चढण्याआधी ठरली आहे.